ओल आत, रंग वर

दौलताबादच्या माणसाला पाणी म्हणजे किल्ल्याचा खंदक, फार तर पैठणचा नाथसागर. होडीशी आमचा संबंध पाठ्यपुस्तकातल्या चित्रापुरता. त्यामुळे मेच्या सुट्टीत रत्नागिरीला बी.एड.च्या दिवसांतल्या मित्राकडे गेलो, तेव्हा त्याच्या अब्बांची जुनी फायबरची होडी मी लहान मुलासारखी फिरून फिरून पाहिली.

भाट्ये खाडीकाठच्या राजिवड्यात दालदी मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आली आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि पाऊस येण्यापूर्वी डागडुजी उरकायची, अशी सगळ्यांची गडबड चाललेली.

मित्राच्या मुलाचा बेत वेगळा होता. जाळ्याच्या मासेमारीत आता भागत नाही. होडीला बाकडी, सावलीला छत आणि लाइफ जॅकेट ठेवायला पेटी करायची, मेरिटाइम बोर्डाचा परवाना काढायचा आणि पर्यटकांना गळाने मासे पकडायला न्यायचे. नवी होडी घ्यायची तर कर्ज, आणि कर्ज म्हणजे व्याज. चाचांना ते नको. म्हणून जुनीच नीट करायची. पोराने निळ्या रंगाचे डबेही आणून ठेवले होते.

“चाचा, होडी तर ठणठणीत दिसते,” मी म्हणालो.

चाचांनी हातोडी माझ्या हातात दिली. “मास्तर, ठोकून बघा.”

बाजूला ठोकले की टण्‌ टण्‌ आवाज येई. मागच्या फळीवर, जिथे इंजिन अडकवतात तिथे, नुसते भद्‌ भद्‌.

फायबर म्हणजे काचतंतूंच्या चटईचे आणि रेझिनचे थर. ते लाकडासारखे कुजत नाही. पण अशा जुन्या होड्यांच्या मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपते आणि वरचे कवच चकचकीत असतानाच आतले लाकूड कुजून जाते. चाचांनी आतल्या बाजूने, तळाशी बारीक भोक पाडले. त्यातून तपकिरी पाणी ठिबकू लागले.

“लांबी भरून रंग मारला तर दोन हंगाम निघतील, दादा. कुणाला कळणार आहे?” नातू म्हणाला. इंजिनासाठी साठवलेले पैसे फळीत जाणार, हे त्याला दिसत होते.

“मला कळलं, तुला कळलं, अल्लाहला तर आधीच ठाऊक,” चाचा म्हणाले. “लोकांची लेकरं बसणार आहेत हिच्यात.”

मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याला आपला मानले नाही. दोष पावसाचा होता, पण झाकणारा हात माणसाचा.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर लागला. चांगली दिसणारी होडी कापताना पाहून मला सूरह कहफमधली गरिबांची नाव आठवली; हजरत खिज़र (अलै.) यांनी तीही वाचवण्यासाठीच फोडली होती. आतले कवच कापून भिजक्या पावासारखे लाकूड खरवडून काढले. उरलेला भाग पंखे लावून कित्येक दिवस वाळवला, कारण ओलीवर रेझिन धरत नाही. मग नवे मरीन प्लायवूड रेझिनमध्ये भिजवून शिकंजांनी आवळून बसवले आणि वर चटईचे थर चढवले. जोडाच्या कडा घासून उतरत्या केल्या. कवच एक सेंटिमीटर जाड असेल तर उतार साधारण बारा सेंटिमीटर हवा. नुसत्या लांबीचा जोड वरवरचा राहतो.

रेझिनच्या शंभर भागांना हार्डनर एक ते दोन भाग. कमी पडला तर काम चिकट राहते, जास्त झाला तर तापून तडे जातात. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. म्हणून चष्मा, हातमोजे आणि मास्क हवेत, आणि मुले लांब. घरी फायबरची टाकी सांधणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. शेवटी बोल्टांची भोके मोठी पाडून रेझिनने भरली आणि त्यातच पुन्हा लहान भोके पाडली. आता पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही.

इंजिन यंदा जुनेच राहिले. नातू दोन दिवस घुश्शात होता.

परतीच्या गाडीत माझ्या मनात आपलीच घरे येत होती. जुनी मोटारसायकल विकताना, रिश्ता ठरवताना मुलाचे व्यसन किंवा मुलीचा आजार सांगायची वेळ आली की आपणही लांबी भरतो. “नंतर बघू” म्हणतो. नंतर बुडते ते दुसऱ्याचे लेकरू असते.

मी निघालो त्या सकाळी रंगाचे डबे उघडले होते. पण ब्रश बुडवण्याआधी नातवाने हातोडी घेतली आणि मागची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः ठोकून पाहिली. चाचा काही बोलले नाहीत, नुसते ऐकत उभे होते. सगळीकडून टण्‌ टण्‌ येत होते. अल्हम्दुलिल्लाह.