पक्ष्यांचं ‘स्टेटस’ कोण ठरवतं?

मायणीच्या तलावावर रोहित उतरले की दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुमच्या स्टेटसवर असतात. विटा, कराड, साताऱ्याहून गाड्या निघतात, कॅमेरे बाहेर पडतात. चांगलंच आहे. पण त्याच रस्त्यावर विजेच्या तारेवर बसलेल्या नीलपंखासाठी तुमच्यापैकी कुणी गाडी थांबवली होती का? कुणी त्याला तास म्हणतं, कुणी चाष. दसऱ्याला तो दिसला की शुभ मानणाऱ्या आज्या अजून आहेत. इतका ओळखीचा पक्षी कमी होतोय, असं सांगितलं तर पटणार नाही.

२०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि १७८ जातींना संवर्धनात वरचं प्राधान्य द्यावं, असं म्हटलंय. नीलपंख सुमारे १२ वर्षांत ३० टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसतं. ३०च्या आकड्याला इथं वजन आहे. आययूसीएनच्या लाल यादीचा एक निकष असा: १० वर्षं किंवा त्या जातीच्या तीन पिढ्या, यातल्या जास्त काळात संख्या ३० टक्के घटली आणि घटीची कारणं अजून चालूच असली तर जात ‘असुरक्षित’, ५० टक्के घटली तर ‘संकटग्रस्त’, ८० टक्के घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’. अहवाल आला तेव्हा नीलपंख यादीत अगदी तळाला, काळजी नसलेल्यांत होता. म्हणूनच त्याची फेरतपासणी करा, अशी शिफारस झाली.

आता गंमत बघा. हे आकडे सरकारी गणनेतून आलेले नाहीत. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर टाकलेल्या तीन कोटी नोंदींवर हा सगळा डोलारा उभा आहे. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांच्या वहीवर.

नोंदींनी दर्जा उलट्या दिशेनंही बदलतो. रानपिंगळा संपला असंच धरलं होतं. १९९७ साली तो नंदुरबारात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मग शोधणारे वाढले, नव्या जागा मिळत गेल्या आणि २०१८ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आला. एक पायरी सुटका! पक्षी होतेच, बघणारे कमी होते.

आपल्या चाळकेवाडीच्या पठाराचं उदाहरण तर घराजवळचं. तिथं पवनचक्क्यांखाली रील काढली नाही असा साताऱ्याचा पोरगा शोधून दाखवा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. चक्क्यांच्या भागात ते कमी झाले, तसे पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे वाढले. (या सरड्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ आहे, आपल्या मराठीतलं.) चक्क्या नसलेली बाजूही मोजली, म्हणून हा फरक कळला.

आमचं गाऱ्हाणं इथंच आहे. आपण फक्त नवलाचं नोंदवतो. रोहित लिहितो, साळुंकी सोडून देतो. पण जातीचा कल काढताना आधी बघतात की शंभर याद्यांपैकी किती याद्यांत ती दिसली. त्यासाठी यादी पूर्ण हवी: पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसला-ऐकला तो प्रत्येक ओळखीचा पक्षी लिहायचा, कावळ्यासकट. पूर्ण यादीत नीलपंख नसला, तर ते नसणंसुद्धा मोजलं जातं. नुसत्या फोटोतून ते कळत नाही.

दुसरं, आपण सगळे कास, कोयना, चांदोली, सागरेश्वरला जातो. जत, आटपाडी, माणच्या माळावर कोण जातो? सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलेली ही जमीन चंडोल, माळटिटवी, हिवाळ्यात येणारे भोवत्या यांचं घर आहे. टेंभू-म्हैसाळचं पाणी आलं, ऊस आला, द्राक्षबागा वाढल्या. दुष्काळी भागाला पाणी मिळू नये असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही, आम्ही तर म्हणणारच नाही. पण माळ मोडण्याआधी तिथं काय होतं, हे कागदावर नसेल तर नंतर वाद घालायलाही काही उरत नाही.

तसा एक कागद कायद्यानं आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. या सुट्टीत गावी गेलात की ग्रामपंचायतीत जाऊन ती मागा. पक्ष्यांचं पान उघडा. नावं शेजारच्या गावाच्या वहीतून जशीच्या तशी उतरवलीत का, ते बघा. मग फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना असते, तेव्हा घरामागच्या बांधावर पंधरा मिनिटं उभं राहून स्वतःची यादी करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. नीलपंख कुठल्या यादीत आहे, ते आम्हाला कळवा.