उन्हाळी पुन्हा पुन्हा लागते तेव्हा

तपासणीस आलेल्या सत्तरीच्या एका आजींच्या पिशवीत गोळ्यांच्या तीन अर्धवट पट्ट्या होत्या. सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, लघवीला जळजळ सुरू झाली की आई मागच्या उरलेल्या गोळ्या घेतात. बरं वाटलं की बंद करतात. महिन्याभरात पुन्हा तेच.” आजी संकोचाने एवढेच म्हणाल्या, “रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर मी पाणीच पीत नाही. उगीच सगळ्यांची झोपमोड.”

आजींचे दुखणे का हटत नव्हते, हे या दोन वाक्यांतच स्पष्ट झाले.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला, तर तो वारंवार होणारा संसर्ग मानतात. बहुतेक वेळा त्यास आतड्यांतील ई. कोलाय हे जंतू कारणीभूत असतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, योनिमार्गाची त्वचा नाजूक व कोरडी होते आणि तेथील उपकारक जंतूही कमी होतात. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवी पूर्ण होत नाही व साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. मधुमेह, मूतखडा, बद्धकोष्ठता आणि लघवीची नळी यांमुळेही धोका वाढतो.

अशा रुग्णांत प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी लघवीचे ‘कल्चर’ करावे. जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे त्यातून समजते. जागा पाण्याने स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. अहवालास दोन-तीन दिवस लागतात; त्रास अधिक असल्यास डॉक्टर तोवर औषध सुरू करतात व गरजेप्रमाणे बदलतात. उरलेल्या गोळ्या मनाने घेतल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होतात. जळजळ शमवणारे सिरप किंवा धण्याचे पाणी यांनी आराम वाटेल, पण संसर्ग जाईलच असे नाही.

याच्या उलट चूकही घडते. उतारवयात कोणताही त्रास नसताना लघवीत जंतू आढळणे सामान्य आहे. केवळ अहवालात जंतू दिसले किंवा लघवीला वास आला, म्हणून प्रतिजैविक देण्याची सहसा आवश्यकता नसते. वृद्ध व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे. संसर्गाप्रमाणेच शरीरातील पाणी, सोडियम वा साखर कमी होणे हेही त्याचे कारण असू शकते.

प्रतिबंधासाठी हे कटाक्षाने पाळावे:

• हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ घ्यावेत. त्यांतील बहुतांश सायंकाळपूर्वी घ्यावेत.
• लघवी तुंबवून ठेवू नये. झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा.
• शौचानंतर पुढून मागे अशी स्वच्छता करावी. योनिमार्गात साबण वा जंतुनाशक वापरू नये.
• डायपर ओला होताच बदलावा.
• रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गात लावावयाच्या इस्ट्रोजेन क्रीमविषयी डॉक्टरांना विचारावे. त्याने संसर्गाची वारंवारता कमी होते.

थंडी वाजून ताप, कुशीत वा पाठीत वेदना, उलट्या, लघवीतून रक्त किंवा लघवी अडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आजींना कल्चरनुसार औषध दिले आणि क्रीम सुरू केले. सूनबाईंनी पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवली व रात्रीचा मंद दिवा लावला. पुढच्या भेटीत आजी हसून म्हणाल्या, “आता कुणाला उठवावं लागत नाही, म्हणून पाणी प्यायला भीती वाटत नाही.”

घरातील ज्येष्ठ पाणी कमी का पितात, हे त्यांना एकदा मायेने विचारावे. लाजेपोटी लपवलेले उत्तर पुष्कळदा तेव्हाच मिळते आणि खरा उपचारही तेथूनच सुरू होतो.