दुखणं न्हाणीघरात, औषध स्वयंपाकघरात

जबलपूरच्या खमरिया आयुध कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बदलून आलेल्या मराठी घरात पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इथं डाळच शिजत नाही." पुण्याच्या खडकीहून आलेल्यांना हे फार जाणवतं. पुण्याचं पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून धरणात उतरतं, त्यात चुना थोडा, त्यामुळे साबणाला भरपूर फेस येतो. इथं टाकीत बोअरचं पाणी मिसळलं की साबण फेसाळत नाही, बादलीच्या कडेला राखाडी साका धरतो, तोटीवर पांढरी खपली चढते. आपण म्हणतो, पाणी जड आहे. जुन्या शालेय पुस्तकांत याला 'दुष्फेन' असा नेमका शब्द होता.

याचं कारण आपल्या पायाखाली आहे. भेडाघाटचा पांढराशुभ्र संगमरवर हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेला डोलोमाइटी दगड आहे. लमेटाघाटच्या नावानं भूगर्भशास्त्रात ओळखले जाणारे थर चुनखडीनं भरलेले आहेत. शेजारच्या कटनीचा तर धंदाच चुन्याचा. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि अशा खडकातला चुना विरघळवून सोबत नेतं. ज्या क्षारांच्या दगडांसाठी देशभरातून लोक भेडाघाटला येतात, तेच क्षार आपल्या गीझरमध्ये साचतात.

इथवर वाद नाही. पुढे काय करायचं, यावर मात्र वसाहतीत दोन मतं आहेत आणि मला दोन्ही चुकीची वाटतात.

पहिलं मत भीतीचं. हे पाणी विष आहे, त्यानं मुतखडे होतात, आरओ यंत्र बसवलं की प्रश्न मिटला, असं ते सांगतं. आमच्या व्हरांड्यात एका विक्रेत्यानं प्रयोग करून दाखवला होता. दोन पेल्यांत धातूच्या दांड्या बुडवून वीज सोडली. नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ उसळला, यंत्राचं पाणी स्वच्छ राहिलं. शेजारच्या वहिनींनी त्याच संध्याकाळी पैसे भरले. पण तो गाळ पाण्यातला नव्हता, दांडीच्या लोखंडाचा होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज वर येतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून तिथं काही दिसत नाही. त्या यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग केला असता, तर तिथंही तसाच गाळ आला असता.

मुतखड्याचंही तसंच. जड पाण्यानं खडे होतात, हे सिद्ध झालेलं नाही. बहुतेक खड्यांमध्ये कॅल्शियमबरोबर ऑक्झलेट असतं. अन्नपाण्यातलं कॅल्शियम हे ऑक्झलेट आतड्यातच बांधून बाहेर टाकायला मदत करतं. खडे झालेल्याला डॉक्टर भरपूर पाणी प्यायलाच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनंही काठिण्यासाठी, म्हणजे पाण्याच्या जडपणासाठी, आरोग्याच्या कारणानं कोणतीही मर्यादा घातलेली नाही. आपल्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे २०० मिलिग्रॅम काठिण्य इष्ट मानलं आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. विषाला अशी तिप्पट सवलत कोणी दिली असती का? जड पाण्यानं इसब वाढतो, असाही मुद्दा निघतो. इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरी पाणी मृदू करणारं यंत्र बसवलेल्या मुलांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त गुण आला नाही.

आता आरओकडे. ते क्षार काढतं, यात शंका नाही. पण ते बसतं कुठे? स्वयंपाकघरात, पिण्याच्या पाण्यावर. म्हणजे जड पाणी जिथं सर्वांत कमी अपाय करतं, नेमकं तिथं. गीझर, धुण्याचं यंत्र, शॉवर आणि नळ यांना तेच पाणी पूर्वीसारखं मिळत राहतं. शिवाय घरगुती यंत्र एका पेल्यामागे त्याहून बरंच जास्त पाणी मोरीत सोडतं. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं, विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथं या यंत्रांवर बंदी घालण्याचा आदेश दिला, तो उगाच नव्हे. एक गोष्ट मात्र मोकळेपणानं मान्य करतो. शेजारच्या मंडला जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे आणि त्यानं माणसांची हाडं वाकली आहेत. फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असेल, तर आरओ हा योग्य उपाय आहे. पण ते चाचणीनं ठरवायचं असतं, दोन दांड्यांनी नव्हे.

दुसरं मत बेफिकिरीचं. आमच्या आईवडिलांनी हेच पाणी प्यायलं, काय बिघडलं, असं ते विचारतं. शरीराचं फारसं बिघडलं नाही, हे खरं. घराचं मात्र बिघडतं आणि ते मोजता येतं. काठिण्य ३०० असेल, तर २० लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम क्षार असतात. प्रत्येक ग्रॅम सुमारे ६ ग्रॅम साबण खातो. म्हणजे अख्ख्या बादलीला फेस यायच्या आधी ३६ ग्रॅम साबण साका होऊन जातो. तोच साका कपड्यांच्या धाग्यांत अडकतो आणि पांढरा सदरा करडा पडतो. गीझरचं गणित आणखी बोलकं आहे. तापवल्यावर बाहेर पडणारं काठिण्य २०० धरलं आणि रोज ५० लिटर पाणी तापवलं, तर वर्षाला साडेतीन किलोंहून जास्त चुना त्या टाकीतून जातो. त्याचा दहावा भाग आत बसला, तरी ते साडेतीनशे ग्रॅमहून अधिक होतं. ही खपली उष्णता अडवते, कॉइल तापून जळते आणि तोवर विजेचं बिल चढत राहतं. डाळीचंही खरंच आहे. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरतं, दाणा मऊ होत नाही, गॅस जास्त जळतो. 'काय बिघडलं' या प्रश्नाचं उत्तर महिन्याच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेलं असतं, फक्त पाण्याच्या नावावर नसतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की जड पाणी हा आजार नाही, तो खर्च आहे आणि खर्चाचा उपाय तो जिथं होतो तिथंच करायचा असतो.

आधी मोजावं. विक्रेत्याच्या हातातला टीडीएस मीटर काठिण्य मोजत नाही, तो सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो. काठिण्याचा वेगळा संच मिळतो, थेंब मोजत रंग बदलेपर्यंत घालायचे. नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं तपासावं. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच टाकीत जातात आणि चांगलं पाणी विनाकारण जड होतं. टाक्या वेगळ्या केल्या, तर पिण्याचा आणि डाळीचा प्रश्न यंत्राविना सुटू शकतो. तेही जमलं नाही, तर पाणी उकळून रात्रभर निवत ठेवावं आणि सकाळी वरचं ओतून घ्यावं. आरओच्या पाण्यात डाळ शिजते, हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्यासाठी रोज बादल्या मोरीत सोडायची गरज नाही. तुरटीची आशा धरू नये, ती गढूळपणा खाली बसवते, विरघळलेला चुना नाही.

गीझरचं तापमान कमी ठेवावं, कारण पाणी जितकं तापतं तितका चुना जास्त सुटतो. तोटी आणि शॉवर लिंबूसताच्या पाण्यात भिजवले की खपली सुटते. काठिण्य फार असेल आणि ऐपत असेल, तर मिठावर चालणारं मृदुकरण यंत्र न्हाणीघराच्या आणि धुण्याच्या नळावर बसवावं. त्यातून कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, म्हणून ते पाणी पिण्याला आणि झाडांना देऊ नये.

आणि पाऊस विसरू नये. जबलपूरला वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर तो सव्वा लाख लिटरहून जास्त होतो आणि त्यात चुना जवळपास नसतोच. पावसाळ्यात धुणं या पाण्यावर निघू शकतं, उरलेलं बोअरभोवती मुरवता येतं.

शेवटची गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून मागायची आहे. पाणी पुरवणाऱ्यानं दर महिन्याला काठिण्य, फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडे वसाहतीच्या फलकावर लावावेत. ज्या घरात कारखान्यातली मिलिमीटरच्या शतांश भागाची चूक पकडणारे हात आहेत, तिथल्या बाईला आपल्या बादलीतल्या पाण्याचा आकडा ठाऊक नसावा, हे मला मान्य नाही. तो आकडा तिच्या हाती असेल, तर पुढच्या वेळी दारात कोणी दोन दांड्या घेऊन आला की ती पेला पुढे करणार नाही, फलकाकडे बोट दाखवेल.