उन्हाळ्यात डोहांना सुट्टी द्या

मे महिन्यात यवतमाळचा पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. लोहाऱ्याच्या आसपासचे नाले तोवर कोरडे पडतात आणि अडाण, अरुणावती, पैनगंगा या नद्यांची धार अनेक ठिकाणी तुटते. मरळ, वाम, शिंगटी यांना मग आसरा उरतो तो डोहांचाच. पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालणारे मासेही याच पाण्यात जूनची वाट पाहतात. म्हणून मार्च ते जून या काळात डोहांतली मासेमारी थांबली पाहिजे.

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. मरळ वर येऊन हवा घेते आणि तग धरते; रोहू, कटल्याला ती सोय नाही.

थंड पाण्याच्या ट्राउट माशाची ही अडचण अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने नियमात बसवली आहे. तिथे हौशी मंडळी पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा गळाला लावतात. नदीतून त्या दिवशी कोणते किडे बाहेर पडताहेत, हे पाहूनच तो निवडतात. पण सलग तीन दिवस पाणी 23 अंशांच्या आसपास पोहोचले, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायला बंदी घालता येते. खेळापेक्षा मासा मोठा मानला जातो.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. पाणी आटले की मासे हाती लागणे सोपे होते, आणि राज्यात ठिकठिकाणी ब्लीचिंग पावडर, जिलेटिन किंवा बॅटरीचा करंट डोहात सोडला जातो. 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने स्फोटके आणि विष दोन्हींना मनाई केली, त्याला सव्वाशे वर्षे उलटली.

विषाने मासे तर मरतातच, शिवाय दगडांखाली, वाळूत वाढणाऱ्या चतुरांच्या आणि इतर किड्यांच्या अळ्याही संपतात. याच अळ्यांवर माशांची पिल्ले पोसली जातात. नदी किती स्वच्छ आहे, याची परीक्षाही त्यांच्यावरून होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत तळाच्या या जीवांना स्थान आहे. वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर त्यांचे घरच उचलले जाते.

बंदी लोकांना पेलवत नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठी तिळसे येथे मंदिराजवळचे मासे कुणी मारत नाही आणि तिथला महसीर टिकून आहे. जे तिथे श्रद्धेने साधले, ते इथे ग्रामसभेच्या ठरावाने साधता येईल.

मात्र याचा भार एकट्या भोई समाजावर टाकणे अन्यायाचे ठरेल. चार महिन्यांची रोजी बुडणाऱ्या कुटुंबांना शासनाने भरपाई द्यावी आणि डोहांच्या राखणीचे मानधनाचे कामही त्यांनाच द्यावे. यंदा वाळूघाटांचे लिलाव काढण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाने प्रत्येक नदीवरचे बारमाही डोह नकाशावर आखून लिलावातून वगळावेत.