किल्ली कोणाच्या कमरेला?

१९६० च्या दशकात कोलकात्याच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कार्यालयात येऊ घातलेल्या संगणकास विरोध केला, तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त होता : हे यंत्र किती हातांचे काम हिरावून घेणार? यंत्र आलेच. परंतु त्यापुढचा प्रश्न आपल्या चळवळीने कधी नेटाने विचारला नाही : हे यंत्र चालते कोणाच्या हुकुमाने?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेला नेहमीचा आधार काढून घेतला. नव्या प्रणालीच्या अटी अशा, की असंख्य धडधाकट यंत्रे त्यांत बसत नाहीत. यंत्र आपले, पैसे आपले, आयुष्य मात्र कंपनी ठरविणार! ही मालकी नव्हे. ही खंडाने घेतलेली जमीन आहे, आणि हिला कूळकायदाही लागू नाही.

या कुळांच्या जगात ‘आर्च लिनक्स’ नावाची एक प्रणाली आहे. कॅनडातील जड व्हिनेट या प्रोग्रॅमरने ती २००२ मध्ये सुरू केली. आज तिचा गाडा स्वयंसेवक हाकतात. संहिता खुली, किंमत शून्य. ती बसवावयास घेतली की समोर चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक लुकलुकती रेघ आपल्या आज्ञेची वाट पाहते. डिस्कचे विभाग आपण पाडावयाचे, लागतील त्या आज्ञावल्या आपण निवडावयाच्या. वापरणाऱ्यास गिऱ्हाईक न मानता कर्ता मानणारे हे तत्त्व श्रमसाधनांवर श्रमिकाचा ताबा या आपल्या तत्त्वाचेच सख्खे भावंड आहे.

परंतु येथेच एक नवी सोवळ्याची पंगत बसू पाहते. ‘ही प्रणाली अनुभवींसाठी आहे’ असे काही जण मोठ्या तोऱ्यात सांगतात. नवख्याने शंका विचारली की ‘आधी वाचून ये’ म्हणून सुनावतात. एप्रिल २०२१ मध्ये बसवणी सोपी करणारी ‘आर्चइन्स्टॉल’ ही आज्ञावली अधिकृत संचात आली, तेव्हाही नाके मुरडली गेलीच. आम्ही विचारतो, अनुभव म्हणजे काय? तो कोणाच्या रक्तातून येत नाही. इंग्रजीचे ज्ञान, घरात स्वतःचे यंत्र, ते बिघडले तर दुसरे घेण्याची ऐपत आणि रिकामी संध्याकाळ, या चार गोष्टी ज्यास लाभल्या त्यास अनुभव लाभतो. बारा तास यंत्रमागापाशी उभ्या राहिलेल्या भिवंडीच्या कामगाराने ती संध्याकाळ कोठून आणावी? अनुभव म्हणजे साठलेली फुरसत, आणि फुरसत ही वर्गीय बाब आहे.

प्रणालीवर मात्र अन्याय नको. जाणकारांबरोबरच, वाचण्याची व आपल्या अडचणी आपण सोडविण्याची तयारी असलेल्या कोणालाही ती आपला म्हणते. दार उघडे आहे. अहंकार बसला आहे तो उंबरठ्यावर.

त्याला बोल लावून आपली सुटका नाही. मक्तेदारीविरुद्धचे आपले ठराव मक्तेदाराच्याच प्रणालीवर टंकलिखित होतात, पुष्कळदा चोरलेल्या प्रतीवर! ‘सामान्य माणसाला हे झेपणार नाही’ असे आपलेच साथी म्हणतात. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हाही ‘झेपणार नाही, शोभणार नाही’ म्हणणारे होतेच. केरळच्या सरकारी शाळांतून गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर संगणक शिकविला जातो. त्यासाठी आधी शिक्षकांना तयार करण्यात आले. अनुभव घडविता येतो, तो असा.

तालुका कार्यालयात उद्याच आर्च बसवा, असे आमचे म्हणणे नाही. तिच्यातील आज्ञावल्या सतत बदलत राहतात. लक्ष न दिल्यास ऐन वेळी काम अडते. शिवाय जुन्या ३२-बिट यंत्रांना तिने २०१७ मध्येच निरोप दिला. कार्यालयास डेबियनसारखी स्थिर प्रणाली बरी. परंतु प्रत्येक जिल्ह्यात चार कार्यकर्त्यांनी आर्चवर हात बसवावा, मराठीत टिपणे लिहावीत आणि अभ्यासवर्गात ती इतरांना शिकवावी.

भांडवल झोपलेले नाही. ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीने २०२२ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘स्टीम डेक’ या खेळयंत्राची प्रणाली आर्चच्याच पायावर उभी आहे. स्वयंसेवकांच्या श्रमाची वाट भांडवलास सापडली. श्रमिकांच्या पक्षास ती सापडू नये? किल्ली कंपनीच्या कमरेची काढून चार पंडितांच्या कमरेला अडकविणे ही क्रांती नव्हे. ती ज्याच्या त्याच्या हाती देणे, हे आपले काम आहे.