रद्द कलमाचा अंमल

संगणकावरील ‘त्रासदायक’ मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. हे २०१८ मध्ये अभिनव सेखरी व अपार गुप्ता या विधिज्ञांनी शोधनिबंधातून दाखवून दिले. २०२१ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले, की छापील कायद्यात कलम तसेच असून ते रद्द झाल्याचा उल्लेख तळटीपेत आहे! ही सबब प्रशासनाला शोभत नाही. निकाल पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचवणे हे आपलेच कर्तव्य होते. अखेर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. विधिज्ञांना ‘टीकाकार’ म्हणून हिणवण्यापूर्वी आपण अधिकाऱ्यांनी मान्य करावे, की आपली तपासणी त्यांनीच केली.