मळमळ म्हणजे औषध लागू पडल्याची पावती नव्हे

सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि वजन घटवण्याच्या इंजेक्शनांची सारी चर्चा किमतीभोवती फिरू लागली. ते साहजिकही होते. वर्षभरापूर्वी, मार्च २०२५ मध्ये, याच घराण्यातले टिर्झेपेटाइड 'मौंजारो' या नावाने भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीला साडेतीन हजार रुपये पडत होते. आठवड्याला एक कुपी, म्हणजे महिन्याला चौदा हजार, आणि ही झाली सर्वांत लहान मात्रा. जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावाने दाखल झाले आणि नोव्हेंबरातच कंपनीने त्याची किंमत ३७ टक्क्यांपर्यंत उतरवली. आता देशी कंपन्यांना वाट मोकळी झाल्यावर हे औषध पगारदार घरांच्या हिशेबात बसू लागले आहे. पण पैशाचा अडसर दूर झाला की दुसरा समोर येतो, आणि तो पोटात असतो.

औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ, छातीत जळजळ, कुजक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर यांपैकी काही ना काही अनेकांना होते. सेमाग्लुटाइडची जी मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १९६१ प्रौढ सहभागी होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले. त्याच गटात ४४ टक्के लोकांना मळमळ झाली, सुमारे ३२ टक्क्यांना जुलाब, २५ टक्क्यांना उलट्या आणि २३ टक्क्यांना बद्धकोष्ठ. औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्या गटातही १७ टक्क्यांना मळमळ झालीच होती, हेही लक्षात ठेवलेले बरे. प्रत्येक तक्रारीचे खापर औषधावर फोडता येत नाही.

या आकड्यांहून बोलका आकडा वेगळा आहे. पोटाच्या तक्रारींमुळे औषध सोडून देणारे होते फक्त साडेचार टक्के. निम्म्या लोकांना त्रास आणि सोडणारे इतके थोडे, हे कसे जमले? एक कारण असे की बहुतेकांचा त्रास सौम्य ते मध्यम होता आणि काही दिवसांत ओसरणारा होता. दुसरे कारण जाहिरातीत येत नाही. त्या चाचणीत मात्रा ठरलेल्या गतीने, सोळा आठवडे घेऊन वाढवली गेली आणि दर चार आठवड्यांनी प्रत्येकाला आहार-व्यायामाचा वैयक्तिक सल्ला मिळत होता. साडेचार टक्के हा आकडा औषधाइतकाच त्या व्यवस्थेचाही आहे. दुकानातून पेन घरी आणणाऱ्याला औषध तेच मिळते. ती व्यवस्था मात्र पेनबरोबर येत नाही.

त्रास होतो कशामुळे, हे समजले तर उपाय निम्मे सुचतात. जेवणानंतर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिनसाठी इशारा देते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन-एक मिनिटे टिकते. सेमाग्लुटाइड हे त्याचेच रचना बदललेले रूप. ते निम्म्याने कमी व्हायलाच आठवडा लागतो. म्हणजे 'पोट भरले' हा निरोप दिवसरात्र चालू राहतो. भूक मरते ती यामुळेच. पण मेंदूच्या तळाशी ज्या भागात उलटीची जाणीव निर्माण होते, तिथेही हा निरोप पोहोचतो आणि जठरातले अन्न नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहते. नव्या निरोपाची सवय व्हायला शरीराला काही आठवडे लागतात. मळमळ सुरुवातीला आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर जास्त, मग कमी, असा तिचा आलेख असतो तो त्यामुळे.

इथेच एक समजूत घट्ट बसली आहे: जितकी जास्त मळमळ, तितके औषध जोरात काम करते. जुलाबाचे औषध घेतल्यावर पोट साफ झाले की बरे वाटणाऱ्या आपल्या समाजात ती रुजायला वेळ लागला नाही. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांची आकडेवारी या दृष्टीने मुद्दाम तपासली गेली, तेव्हा पोटाचा त्रास झालेले आणि न झालेले या दोघांच्या वजनातील घट जवळजवळ सारखीच निघाली. पोटाच्या त्रासाचा वाटा एक टक्काही भरला नाही. म्हणजे जो मुकाट सोसतो त्याला जास्तीचे फळ मिळत नाही. उलट तो पाणी कमी पितो, चहा-बिस्किटांवर दिवस काढतो, डाळ-उसळ-अंडी त्याच्या ताटातून जातात. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतोच. प्रथिने तुटली की तो वाढतो. मुळात आपल्याकडच्या शाकाहारी ताटात प्रथिने बेताची असतात.

उपायांमध्ये पहिला मान मात्रेच्या शिडीचा. वेगोव्हीची सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने होते. ही मात्रा वजन उतरवण्यासाठी नसतेच, ती पोटाला सवय लावण्यासाठी असते. चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ असे चढत पाचव्या महिन्यात २.४ वर पोहोचायचे. टिर्झेपेटाइडची शिडी २.५ पासून सुरू होते आणि प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे थांबायचे असते. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा. त्रास होत असेल तर त्याच पायरीवर आणखी महिनाभर थांबता येते, एक पायरी खालीही येता येते आणि अपेक्षित परिणाम मधल्याच मात्रेवर मिळत असेल तर वर चढण्याची सक्ती नाही. प्रत्यक्षात घडते ते उलटे. पहिल्या महिन्यात काटा फारसा हलत नाही, रुग्ण अधीर होतो आणि 'डोस वाढवून द्या' असा आग्रह धरतो. लग्नसराई तोंडावर असेल तर विचारायलाच नको.

कुपी आणि सिरिंज वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इन्शुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा 'युनिट'च्या असतात, डॉक्टरांची चिठ्ठी मिलिग्रॅममध्ये असते आणि कुपीत द्रावण किती तीव्रतेचे आहे ते लेबलावर मिलिलिटरमागे लिहिलेले असते. ही तीन मापे एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जुलै २०२४ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. औषध दुकानांत बनवून दिलेल्या सेमाग्लुटाइडच्या कुप्यांतून काहींनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतले होते. पहिले इंजेक्शन डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या डोळ्यांदेखत घेण्यात म्हणूनच कमीपणा नाही.

दुसरा उपाय ताटातला. जठर सावकाश रिकामे होत असताना त्यात तेला-तुपाचे भरपूर जेवण गेले तर ते आणखी रेंगाळते, कारण चरबी मुळातच जठराचा वेग कमी करते. एका बैठकीत पोटभर जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे, सावकाश चावून, आणि पहिली 'आता पुरे' ही जाणीव होताच हात थांबवणे, एवढ्याने अनेकांची उलटी टळते. आपल्याकडे अडचण आहे ती आग्रहाची. पानात उरलेला घास टाकवत नाही, यजमानाला नाही म्हणवत नाही, आणि पुरणपोळीवरची तुपाची धार थांबवणे म्हणजे जवळजवळ अपमान. घरच्यांना आधी सांगून ठेवणे हा यावरचा साधा उपाय. पण वजनाचे इंजेक्शन घेतो हे सांगायचीच अनेकांना लाज वाटते.

इंजेक्शनचा वारही विचार करून ठरवावा. टोचल्यानंतर एक ते तीन दिवसांत औषधाची रक्तातली पातळी सर्वाधिक असते. शनिवारी सकाळी इंजेक्शन आणि रविवारी मटणाचा बेत, हे समीकरण सोमवारच्या रजेवर संपते. त्रासाच्या दिवसांत मऊ भात आणि मेतकूट, मुगाचे पातळ वरण, ताक, इडली असे हलके पदार्थ सोसतात. मळमळ ओसरताच दही, पनीर, अंडे, डाळ ताटात परत आणायला हवेत. रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवे होणाऱ्यांची जळजळ कोणत्याही गोळीने पुरती जाणार नाही.

उपवास हा खास आपला प्रश्न. श्रावणात किंवा नवरात्रात दिवसभर रिकामे पोट आणि संध्याकाळी शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेल्या पापड्या, हे या औषधाबरोबर सर्वांत वाईट जुळणारे जेवण आहे. निर्जळी उपवास तर पहिल्या चार महिन्यांत टाळलेलाच बरा. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता उपवास धरूच नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, त्यात उलट्या होत असतील आणि पोटात अन्न नसेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे आणि मेटफॉर्मिनही स्वतःहून जुलाब-मळमळ घडवते. त्रास कोणत्या औषधाचा हे शोधायचे असेल तर दोन्हींच्या मात्रा एकाच महिन्यात वाढवून चालणार नाही.

बद्धकोष्ठाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, कारण त्याची उलटीसारखी धांदल होत नाही. पण ते जास्त दिवस टिकते. जेवण निम्म्यावर आले की तंतूही निम्म्यावर येतात आणि तहान मंदावल्याने पाणीही. इसबगोल उपयोगी पडतो, मात्र पुरेशा पाण्याबरोबर घेतला तरच; कमी पाण्यात घेतलेला इसबगोल आत घट्ट होऊन बसतो. मळमळीवर दुकानातून सहज मिळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी बद्धकोष्ठ वाढवते, हे ती मागणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते. रिकाम्या पोटी घ्यायची आम्लपित्ताची गोळी तर घरोघरी असतेच. या गोळ्या वाईट नाहीत. पण सलग आठवडाभर त्यांच्या आधारावर दिवस काढावे लागत असतील, तर चुकते आहे ते इंजेक्शनच्या मात्रेत, आणि दुरुस्ती तिथेच व्हायला हवी.

काही लक्षणे मात्र घरी थांबण्याची नसतात. पोटात वरच्या बाजूला तीव्र, न थांबणारी आणि पाठीकडे जाणारी कळ ही स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणे, सोबत ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल तर पित्ताशयातले खडे तपासावे लागतात. वजन झपाट्याने उतरते तेव्हा ते होण्याची शक्यता तशीही वाढते. पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर मूत्रपिंडांवर ताण येतो आहे. पोट फुगले, उलट्या होत आहेत आणि वारा सरणेही बंद झाले, तर आतड्यात अडथळा असू शकतो. अशा वेळी पुढचे इंजेक्शन घ्यायचे नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. एरवीच्या जुलाब-उलटीत ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून घोट-घोट घेणे पुरते. मधुमेह असेल तर ओआरएस किती घ्यायचे हे विचारून घ्यावे.

जठराचा मंदपणा आणखी दोन ठिकाणी आडवा येतो. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून औषध सुरू केल्यावर आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरे साधन वापरण्याची सूचना आहे. तसेच भूल देऊन शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीची तपासणी ठरली असेल, तर हे इंजेक्शन चालू असल्याचे आधीच सांगावे लागते. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते आणि मात्रा वाढवण्याच्या काळात ही शक्यता अधिक असते.

औषध स्वस्त होईल तसा एक प्रसंग वारंवार घडणार आहे. तीन महिने इंजेक्शन घेतले, मग मुलांच्या फीचा महिना आला किंवा गावी जाणे झाले, आणि तीन-चार आठवडे खंड पडला. परत आल्यावर फ्रिजमधले पेन काढून जुनीच मात्रा टोचली जाते. मधल्या काळात पोटाची सवय मोडलेली असते, म्हणून सलग दोन किंवा अधिक इंजेक्शने चुकली तर पुन्हा खालच्या पायरीवरून चढायचे का, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. कायद्याने हे औषध चिठ्ठीवरच मिळायला हवे. पण महिन्याभराने दाखवायला येण्याचा सल्ला लिहिलेली ती चिठ्ठी तिसऱ्या रात्री उलट्या सुरू झाल्यावर कामाला येत नाही. त्या रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर पहिल्याच भेटीत मागून घ्यावा. वजन किती उतरेल हे विचारण्याआधी.